पिल्लू नव्हे, आधी आई बघा

वडोदऱ्यात कुत्र्याचं पिल्लू घ्यायला निघालेल्यांना बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: डोळे स्वच्छ, नाक ओलं, उड्या मारतंय, म्हणजे घ्या. मला हा सल्ला अपुरा वाटतो. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी जास्तही लागतात. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे आज बागडणारं पिल्लू निरोगी असेलच असं नाही. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डमधला खुब्याच्या सांध्याचा दोष तर या वयात दिसतही नाही. त्याचा धोका कळतो आईबापांच्या एक्स-रेवरून. म्हणून आई बघा, जागा बघा, भावंडांना जुलाब आहेत का ते बघा.

पण ‘बाहेरच्यांमुळे संसर्ग येतो’ म्हणून अनेकदा ब्रीडर आत येऊ देत नाही. भीती रास्त आहे; मग हात धुऊन, चपला बाहेर काढून लांबून बघू द्या म्हणा. तेही नको असेल तर शंका घ्यावीच. ‘लस झालीय’ हे उत्तरही अर्धंच. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निष्प्रभ करू शकते, म्हणून डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणं तर सर्रास चालतं (आणि वर कौतुकाने सांगतात!), पण 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांआधी विक्री करता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीपत्र मागा, आणि पैसे देण्याआधी पिल्लू आपल्या पशुवैद्याला दाखवा.