भोरडी : आठ महिन्यांची पाहुणी

भोरडी मैनेच्या कुळातली. पळस फुलला की त्यावर हमखास दिसते, म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. आकार साळुंकीएवढा, लांबी सुमारे २२ सेंमी. डोके, गळा, पंख आणि शेपूट काळे, त्यावर उन्हात जांभळट-हिरवी झाक. पाठ आणि पोट गुलाबी. डोक्यावरचा तुरा मानेवर रुळतो. मादीचा तुरा आखूड असतो आणि रंगही फिका. पहिल्या वर्षाची पिल्ले मात्र पार मातकट, चोच पिवळसर. नवख्याला ती वेगळीच जात वाटते.

गुलाबी रंगाची गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. शरद ऋतूत नवी पिसे येतात तेव्हा त्यांची टोके तपकिरी असतात आणि खालचा गुलाबी रंग झाकलेला राहतो, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास पक्षी मळकट दिसतो. पुढे हिवाळाभर ही टोके झिजत जातात आणि फाल्गुन-चैत्रात आतला रंग उघडा पडतो. त्यासाठी नवी पिसे यावी लागत नाहीत. विणीचा साज असा इथल्याच माळावर वापरून वापरून तयार होतो.

वीण मात्र दूर, पश्चिमेला रोमेनियापासून कझाकस्तान आणि चीनच्या शिनजियांगपर्यंतच्या गवताळ प्रदेशात. तिथे मे-जूनमध्ये टोळ आणि नाकतोड्यांची पिल्ले जमिनीवर बुजबुजतात आणि भोरड्यांची वीण त्याच वेळी साधते. दगडांच्या राशी, कड्यांच्या कपारी, पडक्या भिंती अशा ठिकाणी हजारो जोड्या दाटीवाटीने घरटी करतात. घरट्यात फिकट निळी चार-पाच अंडी असतात. नर-मादी दोघेही ती उबवतात. सुमारे पंधरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. जागेचा मात्र नेम नाही. यंदा जिथे वसाहत गजबजली तिथे पुढच्या वर्षी एकही जोडी नसेल, कारण टोळ जिथे, भोरड्या तिथे. १८७५ साली तर त्या थेट इटलीत, व्हेरोनाजवळच्या व्हिलाफ्रांका गावच्या जुन्या किल्ल्यात हजारोंनी उतरल्या आणि वीण करून निघून गेल्या. शिनजियांगमध्ये १९८०च्या दशकापासून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांच्या राशी रचल्या जातात. टोळांवर फवारणी करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त.

विणीचा हंगाम असा दोन-तीन महिन्यांत आटोपतो. जुलै-ऑगस्टपासूनच थवे वायव्येकडून भारतात शिरू लागतात आणि एप्रिलअखेर, क्वचित मेच्या मध्यापर्यंत, मुक्काम हलवत नाहीत. वर्षातले आठ-नऊ महिने जी इथे काढते तिला पाहुणी म्हणायचे, ते केवळ तिचे पाळणाघर दुसरीकडे आहे म्हणून.

महाराष्ट्रात तिची ओळख ज्वारीशी जोडलेली आहे. सोलापूर, नगर, मराठवाड्याच्या पट्ट्यात कणसे हुरड्यात आली की भोरड्यांचा लोट शिवारावर कोसळतो. मग माळ्यावर राखण्या बसतो, गोफण फिरते, पत्र्याचे डबे वाजतात. थवा उठतो आणि शेजारच्या रानात बसतो. नुकसान खरेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हाच थवा गुरांमागे माळावर उतरतो तेव्हा गवतातले किडे वेचतो. मागचे पक्षी पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे येऊन बसतात, त्यांच्या मागचे पुन्हा त्यांच्या पुढे. सगळा जथा वरवंट्यासारखा लोळत सरकतो. तिकडे टोळ खाणारा राखणदार आणि इकडे ज्वारी खाणारा चोर, पक्षी एकच.

पळस, पांगारा, काटेसावर फुलले की ओढा मधाकडे वळतो. फुलात चोच खुपसताना कपाळाला पराग लागतात आणि काळे डोके पिवळे दिसू लागते. ते पराग पुढच्या झाडावर जातात. वड-पिंपळाची फळे आणि घाणेरीची बोरेही तितकीच आवडीची.

संध्याकाळी थवे रातथाऱ्याला जमतात. बाभळींवर किंवा पाणवठ्याकाठच्या लव्हाळ्यात उतरण्याआधी आकाशात त्यांचे वळसे सुरू होतात : थवा ताणतो, आवळतो, मधेच दुभंगून पुन्हा मिळतो. जामनगर-राजकोटकडे, जिथे यांना ‘वैया’ म्हणतात, हे पाहायला गर्दी होते. रोममध्ये भोरडीच्या जवळच्या नात्यातल्या मैनेच्या थव्यांचा अभ्यास झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर लक्ष ठेवून वळतो. पुढारी कुणीच नसतो. ससाण्याने झडप घातली की थवा एकदम घट्ट होतो; त्या गर्दीतून एकाला निवडणे ससाण्याला अवघड जाते.

झाडावर बसल्यावर सुरू होणारी चिवचिव आणि कर्कश किलबिल अंधार पडेपर्यंत थांबत नाही. एप्रिलमध्ये ती एकाएकी बंद पडते. तोवर पिसांची तपकिरी टोके झडून गेलेली असतात आणि गडद गुलाबी झालेले थवे वायव्येला निघालेले असतात.