विश्लेषण : तीन इंचांचा रेड टेल कॅटफिश घरी आणताय? आधी हे गणित वाचा

रात्री टाकीत आठ मासे होते, सकाळी पाचच. झाकण बंद, फिल्टर सुरू आणि तळाशी कॅटफिश पोट फुगवून निवांत पडलेला. पांढरा पट्टा आणि लाल शेपटी पाहून रेड टेल कॅटफिश घरी आणणाऱ्यांच्या टाकीत असे घडू शकते. खरी अडचण मात्र पुढे येते.

हा मासा किती वाढतो?

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मासा दुकानात तीन-चार इंचांचा असतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो चार फुटांपर्यंत जातो. काहींचे वजन ५० किलोंहून अधिक भरले आहे.

रात्री नेमके काय होते?

दिवसा तो तळाशी स्वस्थ असतो. अंधार पडला की लांब मिशांनी चाचपत भक्ष्य शोधतो. रुंद जबडा झटक्यात उघडताच पाण्यासोबत मासाही आत ओढला जातो. तोंडात मावेल तो प्रत्येक सोबती त्याचे खाद्य. टाकीतले गोटेही तो गिळतो.

मोठी टाकी घेतली तर?

दिवाणखान्यातील ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. मोठ्या माशाला तिथे वळताही येत नाही. १२ × ६ × ४ फुटांची टाकी घेतली, तर नुसत्या पाण्याचे वजन आठ टनांवर जाते; म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे १,२०० किलो. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकानुसार वापराचा भार साधारण २०० किलो धरतात.

‘टाकी लहान, तर मासा लहान’ हा गैरसमज आहे. अपुऱ्या जागेत वाढ खुंटते, आजार वाढतात.

तलावात सोडला तर?

अजिबात नको. २०१८च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत अरापाइमा आणि ॲलिगेटर गार हे परदेशी शिकारी मासे सापडले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरातही ॲलिगेटर गार मिळाला. असे मासे स्थानिक माशांवर ताव मारतात.

मग काय करावे?

खरेदीपूर्वी दोन प्रश्न विचारा : पूर्ण वाढ किती आणि मोठा झाल्यावर दुकानदार परत घेईल का? कॅटफिशच हवा असेल, तर दोन-तीन इंचांवर थांबणारा कोरिडोरस निवडा. रेड टेल आधीच घरी असेल, तर तो फूटभर होण्याआधीच बंदिस्त मोठे तळे असलेला अनुभवी पालक शोधा. नंतर त्याला घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही.