जुनी मोटारसायकल घेतल्यावर घरच्या घरी करावयाची दुरुस्ती

कोल्हापूर जिल्ह्यात मोटारसायकल हे आता शेतीचे अवजारच झाले आहे. पहाटे धारा काढून झाल्या की दूध डेअरीवर पोचवायचे, तिथून तसेच रानात जायचे आणि येताना उसाच्या वाड्याचा भारा मागे बांधून आणायचा. ही कामे एकेकाळी राजदूतने केली, १९८५ नंतर हिरो होंडा सीडी १०० ने आणि १९९४ नंतर स्प्लेंडरने. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून बरेच शेतकरी दहा-पंधरा वर्षे चाललेली गाडी विकत घेतात. मग कोणी आधी रंग मारून पैसे संपवतो, तर कोणी धूर दिसला म्हणून पहिल्याच आठवड्यात इंजिन उघडतो. हा क्रम उलटा आहे. जुन्या गाडीवर पहिला खर्च ती वेळेवर थांबावी म्हणून करावा, दुसरा ती नीट चालावी म्हणून आणि पैसे उरले तर ती चांगली दिसावी म्हणून.

ज्या शेतकऱ्याने विहिरीवरचे ऑइल इंजिन एकदा तरी उघडले आहे, त्याला मोटारसायकलचे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. तेच पिस्टन, त्याच रिंगा, तेच वाल्व्ह. फरक इतकाच की ऑइल इंजिन बिडाचे असते, तर मोटारसायकलची झाकणे अल्युमिनियमची असतात. बिडावर वापरायचा जोर इथे लावला की आटे जातात. म्हणून ८ ते १७ नंबरचे रिंग पाने, चांगला स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, पक्कड आणि हवा मोजण्याचे गेज एवढे साहित्य घरी असावे. काढलेले नट-बोल्ट त्या-त्या झाकणाबरोबर वेगळ्या वाटीत ठेवावेत.

कागदपत्रे आणि पुराचे पाणी

पाना हातात घेण्यापूर्वी आरसी पुस्तकातील इंजिन नंबर व चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. चासी नंबर बहुधा हँडलच्या खाली फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. तो घासलेला दिसला तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटले असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मागून घ्यावा. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यावा. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवणेही बंधनकारक आहे. हा सगळा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगा व कृष्णाकाठच्या गावांत कित्येक गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. त्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. अशी गाडी ओळखण्यासाठी सीट काढून खालच्या फ्रेमच्या कोपऱ्यात बोट फिरवावे. तिथे बारीक गाळाचा थर सापडतो. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ दिसते, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर असतो. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. पुरातली गाडी घेऊच नये असे नाही, पण वायरिंग, चाकांचे बेअरिंग आणि कोन सेट नवे टाकावे लागतील हे धरून चालावे.

आधी ब्रेक, टायर, चेन

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दोन्ही चाके काढावीत. ब्रेकच्या ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. लायनर झिजलेले, तडकलेले किंवा ग्रीसने माखलेले असतील तर बदलावेत. ग्रीस लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. पावसात गगनबावड्याच्या घाटात किंवा तांबड्या मातीच्या पाणंदीत अशा ब्रेकचा भरवसा नसतो. ब्रेकचा कॅम साफ करून त्यावर ग्रीसचे नुसते बोट फिरवावे, जास्त लावू नये.

टायरवरची नक्षी शिल्लक आहे एवढ्याने टायर चांगला ठरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. '३२१९' म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर उन्हाने कडक होतो आणि ओल्या डांबरावर घसरतो. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी असूनही तो काढावा. हवा गेजने मोजून भरावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत एकट्यासाठी पुढे २५ व मागे २८ पौंड पुरते. मागे माणूस किंवा ओझे असेल तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मागची हवा वाढवावी. चाकाच्या तारा पान्याने हलकेच वाजवून पाहाव्यात. सैल तारेचा आवाज बद्द येतो.

पुढचे चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर कोन सेट गेला आहे. चाक धरून पुढे-मागे ओढल्यावर खटखट वाजले तर तो सैल आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. याच वेळी मागच्या स्विंग आर्मचे बुशही पाहावेत. ओझे घेऊन गाडी मागून डुलते, त्याचे कारण बहुधा तिथे असते आणि आपण मात्र टायरला दोष देत बसतो.

चेन खालच्या बाजूला मध्यभागी साधारण २० ते ३० मि.मी. वरखाली हलली पाहिजे. मागच्या चक्राच्या पाठीमागे चेन बोटाने ओढून पाहावी. अर्ध्या दातापेक्षा जास्त सुटत असेल तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदम बदलावीत, कारण जुन्या चक्रावर नवी चेन टिकत नाही. चेन जोडताना लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवावी. उलटी बसवली तर एखादा खडा लागूनही ती निघू शकते. चेन धुण्यास रॉकेल किंवा डिझेल वापरावे, पेट्रोल नको.

इंजिन उघडण्यापूर्वी

येथे घाई केल्याने सर्वांत जास्त पैसे वाया जातात. प्रथम ऑइल बदलावे. इंजिन थोडे गरम करून खालचा बोल्ट सोडावा व ऑइल पूर्ण गळू द्यावे. शंभर सीसी गाडीला सुमारे ८०० ते ९०० मि.लि. ऑइल लागते. पातळी पाहताना स्प्लेंडरची काठी आट्यात न पिळता नुसती टेकवून पाहायची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. डब्यावर 'जासो एमए' अशी खूण असलेले मोटारसायकलचेच ऑइल घ्यावे. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीचे ऑइल घातले तर तो घसरू लागतो. राजदूत किंवा येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे पेट्रोलबरोबरही ऑइल जळते आणि थोडा धूर असणारच.

नंतर नवा प्लग, साफ एअर फिल्टर आणि धुतलेला कार्बोरेटर. जेटच्या छिद्रात तार घालू नये, हवेने फुंकावे. तारेने छिद्र मोठे होते आणि गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. टॅपेट वाजत असतील तर थंड इंजिनवर फिलर गेजने जुळवावेत. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, तेव्हा अंदाजाने लावू नये.

एवढे झाल्यावर गाडी आठवडाभर चालवून मगच धूर पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त येते आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. सकाळी पांढरी वाफ निघून थांबत असेल तर काळजी नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो फक्त सुरू करताना आला तर वाल्व्हचे सील गेलेले असण्याची शक्यता जास्त, सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर. खात्रीसाठी प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल आत सोडावे, प्लग बसवून किक मारावी. किक एकदम जड झाली तर रिंगा-पिस्टनची झीज आहे. फरक पडला नाही तर दोष वाल्व्हमध्ये शोधावा.

बोअर करायची वेळ आली तर हे काम घरी होत नाही. सिलिंडर व हेड उतरवून शिवाजी उद्यमनगरात न्यावे. लेथकामाचा आणि इंजिनाच्या सुट्या भागांचा तिथला अनुभव मोठा आहे. ओव्हरसाईज पिस्टन ०.२५ मि.मी.च्या टप्प्याने मिळतात. पिस्टन आधी घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करून मागावा. क्रँकचे पिन-बेअरिंग काम मात्र पूर्णपणे कारागिरावर सोपवावे.

पेट्रोल आणि वायरिंग

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे असते, ही चांगली गोष्ट आहे, पण वीस वर्षांपूर्वीची रबरी नळी त्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगते, मऊ पडते आणि तिचे कण कार्बोरेटरमध्ये जातात. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरच्या वाटीचे गॅस्केट नवे व चांगल्या प्रतीचे टाकावे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकावे.

पहाटेच्या फेरीसाठी उजेड हवा म्हणून काहीजण १०० वॅटचा बल्ब लावतात. मूळ वायरिंग ३५ वॅटच्या बल्बसाठी केलेले असते. जास्त करंटने वायर तापून वितळते. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे तर थेट मॅग्नेटोवर चालतो, म्हणून कोणताही एलईडी दिवा आणून जोडला की तो फडफडतो. एसीवर चालणारा दिवा मागून घ्यावा. फ्यूजच्या जागी तार कधीही गुंडाळू नये.

सुधारणा कोणत्या कराव्यात?

मागचे शॉकअप चांगले घालावेत, मोठे मडफ्लॅप, पूर्ण चेन कव्हर आणि साडी गार्ड लावावा. सायलेन्सर बदलणे, रुंद टायर घालणे यावर पैसे घालवू नयेत. यांनी ॲव्हरेज घटते, बदललेला सायलेन्सर तर कायद्यातही बसत नाही. रंग बदलल्यास आरसीवर तशी नोंद करावी लागते.

कॅरिअर लावण्यापूर्वी हिशोब करावा. स्प्लेंडरसारखी गाडी चालवणाऱ्यासह सुमारे १३० किलो वजन पेलते. चाळीस लिटर दुधाचा भरलेला कॅन पन्नास किलोच्या आसपास भरतो. असे दोन कॅन आणि ६५ किलोचा माणूस मिळून १६५ किलो होतात. मग ब्रेक कितीही नवे असले तरी उतारावर गाडी आवरत नाही. त्याऐवजी वीस लिटरचे दोन कॅन दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, शक्य तितके खाली लावावेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधले दूध वळणावर उसळते आणि गाडी ओढते, म्हणून अशा फेरीत वेग कमी ठेवावा. वाड्याचा भारा बांधताना त्याची टोके मागचा दिवा झाकणार नाहीत आणि चेनकडे लोंबणार नाहीत असे पाहावे.

बोअर केलेली गाडी पहिली पाचशे किलोमीटर सावकाश, ओझ्याशिवाय चालवावी. त्यानंतर ऑइल पुन्हा बदलावे, हेडचे नट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत, चेनचा ताण आणि ब्रेकची मोकळीक परत तपासावी. ऑइल बदलल्याची तारीख व किलोमीटर दुधाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तरी चालते.