टाच दुखतेय, मग पळायचं की थांबायचं?

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते, जरा चाललं की कमी होते? आपल्या पळणाऱ्यांमध्ये हे बहुतेक वेळा प्लांटर फॅसायटिस असतं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा तळव्यातला जाड पट्टा दुखावलेला असतो.

नुसत्या आरामानं दुखणं थांबेल, पण पट्टा मजबूत होणार नाही. त्याला हळूहळू भार द्यावा लागतो. २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी एक व्यायाम तपासला. पायरीवर एका पायावर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड. ३ महिन्यांनी नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा यांना जास्त आराम होता. वर्षभरानंतर मात्र दोघं सारखेच. म्हणजे जादू नाही, पण लवकर ट्रॅकवर येता येतं.

किती पळायचं, हे मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलावरून ठरवतो. कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर अंतर कमी. तेवढंच असेल, तर चालू. त्यासाठी जानेवारीची मॅरेथॉन हुकली तरी चालेल, ती पुढच्या वर्षीही आहे.

पाय सुन्न होत असेल, सूज असेल किंवा झोपेतही दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. भेटू पुढच्या एपिसोडला!