जिवाणू तयार आहेत, उद्योजक हवेत

1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून त्यावर दिवे लावले जात. पुढे 1907 मध्ये त्याच गॅसवर इंजिनही चालवण्यात आलं. म्हणजे सूक्ष्मजीवांना कामाला लावून घाणीतून इंधन काढण्याची विद्या आपल्याकडे सव्वाशे वर्षांची आहे. तरीही तिचा मोठा उद्योग उभा राहायला एवढा काळ का लागावा? जैवतंत्रज्ञान हवामानबदलावर काय करू शकेल, याची चर्चा मला या प्रश्नापासून सुरू करावीशी वाटते. माझं उत्तर असं : सूक्ष्मजीव बिनपगारी राबतात, पण त्यांच्यापुढे रोज ठरलेल्या प्रतीचा कच्चा माल आणून टाकणारी माणसं लागतात आणि तयार माल ठरल्या भावाने उचलणारं गिऱ्हाईक लागतं. खरी उद्योजकता तिथे आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट कुठल्याही साखर कारखान्याच्या मागच्या बाजूला दिसते. उसाचा रस चुन्याने निवळवला की खाली गाळ बसतो. त्याला सगळे प्रेसमडच म्हणतात. काळपट तपकिरी, ओलसर, आंबूस वासाचा. हंगामात त्याचे ढीग लागतात आणि थंडीच्या सकाळी त्यांतून वाफ निघताना दिसते, कारण आत जिवाणूंचं काम सुरू झालेलं असतं. गाळलेल्या उसाच्या साधारण तीन ते चार टक्के प्रेसमड निघतो. दिवसाला 5000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तो रोज दीडशे ते दोनशे टन भरतो. उघड्यावर कुजताना त्यातून मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट, आणि वीस वर्षांचा धरला तर 80 पटींच्या आसपास जाते. हाच माल हवाबंद टाकीत गेला तर साधारण 25 टनांमागे एक टन शुद्ध केलेला, दाबाखाली भरलेला बायोगॅस मिळतो. सीएनजीवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीत तो भरता येतो.

कागदावर हे सरळ दिसतं, पण टाकीत तसं नसतं. आधी एका गटाचे जिवाणू तंतू आणि मेण फोडतात, दुसरे त्याचं आम्ल करतात, तिसरे त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल बनवतात आणि शेवटी मिथेन करणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव येतात. हे शेवटचे फार नाजूक. त्यांना ना आम्ल ना अल्कली असं वातावरण लागतं. घाईने जास्त माल टाकला की आम्ल साचतं, मिथेन करणारे थंडावतात आणि टाकी पूर्ववत व्हायला आठवडे जातात. दुसरी अडचण गंधकाची. आपल्याकडे पांढरी साखर करताना रसात गंधकाचा धूर सोडतात, त्याचा अंश प्रेसमडमध्ये उतरतो आणि गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड होऊन कॉम्प्रेसर खातो. तिसरी अडचण हंगामाची. गाळप वर्षातले चार-पाच महिने, गॅस मात्र बारा महिने विकायचा. साठवलेल्या प्रेसमडमधला गॅस देणारा भाग दिवसेंदिवस कमी होत जातो.

माझ्या नजरेने या तिन्ही अडचणी म्हणजे तीन स्वतंत्र धंदे आहेत. टाकीतलं आम्ल रोज मोजून बिघाडाची आगाऊ सूचना देणारी आणि गरज पडली तर तयार विरजण पुरवणारी सेवा हा एक. गंधक खाणाऱ्या थायोबॅसिलससारख्या जिवाणूंच्या मदतीने गॅस स्वच्छ करणारी यंत्रणा हा दुसरा. तिसरा साठवणुकीचा : आपले दुग्ध व्यावसायिक मुरघास करतात त्या धर्तीवर प्रेसमड हवाबंद ठेवायचा आणि पावसाळ्यात नेपियर गवत, कोंबडखत, मंडईतला भाजीपाला यांची जोड द्यायची. यातल्या एकाही कामाला नोबेलच्या तोडीचं संशोधन लागत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र नीट शिकलेली आणि चिखलात उतरायची तयारी असलेली माणसं लागतात.

गॅस निघाल्यावर उरणारं खत ही चौथी बाजू, आणि अनेक प्रकल्प तिथेच अडकतात. खत विकलं गेलं नाही तर टाकीबाहेर ढीग साचतो आणि गॅसचा नफा त्यात बुडतो. केंद्र सरकारने अशा खताला टनामागे 1500 रुपयांचं विपणन साहाय्य 2023 मध्ये जाहीर केलं. त्यापलीकडे शेतकऱ्याला ते खत गोणीत, परवडेल अशा वाहतुकीत आणि पिकावर दिसेल अशा परिणामासह मिळालं पाहिजे. 2018 मध्ये बायोगॅससाठी ‘सतत’ योजना आली तेव्हा 5000 प्रकल्पांचं स्वप्न दाखवलं गेलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या काही वर्षांत संख्या शंभराच्या आसपासच रेंगाळली. आता शहर गॅस कंपन्यांवर 2025-26 पासून एक टक्का आणि 2028-29 पर्यंत पाच टक्के बायोगॅस मिसळण्याचं बंधन आहे. गिऱ्हाईक ठरलेलं असणं ही कुठल्याही अनुदानापेक्षा मोठी मदत असते.

लहान प्रमाणावर आपल्याकडे बायोगॅसचं उत्तम काम झालेलं आहे. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी उरलंसुरलं अन्न आणि पिठूळ पदार्थ वापरणारं घरगुती संयंत्र केलं आणि 2006 मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा होता : शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून सोडलेला माल, त्यात जिवाणूंना मिळणार किती? भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केलं. ते माथेरानसारख्या ठिकाणी उभं राहिलं.

इथेनॉलची कथा वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण 2014 मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होतं, ते 2025 मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं. किण्वन हे जैवतंत्रज्ञानच, आणि पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने त्यातून जगभर काम मिळवलं. मे 2023 मध्ये पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशी जैवइंधनाचं मिश्रण घेऊन उडालं, त्यातही प्राजचा हात होता. याचा अभिमान वाटतोच. पण महाराष्ट्रात उसाचं क्षेत्र थोडं आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा सिंहाचा आहे, हे विसरून इथेनॉलला हिरवं म्हणणं मला पटत नाही. पावसाने ओढ दिली तेव्हा 7 डिसेंबर 2023 च्या आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली आणि कर्ज काढून आसवन्या वाढवलेले कारखाने अडचणीत आले. ऊस पावसावर, भाव धोरणावर आणि हप्ता बँकेच्या तारखेवर : या तिघांचा मेळ बसत नाही तोवर हा धंदा धोक्याचाच.

म्हणून पिकाऐवजी पाचट आणि पेंढ्यापासून इथेनॉल काढावं, हा विचार बरोबर आहे. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट 2022 मध्ये देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल हे त्याचं उद्दिष्ट, तंत्रज्ञान प्राजचं. मात्र या वाटेवर जगात बडे बडे अडखळले आहेत. ड्यूपाँने अमेरिकेत आयोवातला कारखाना 2015 मध्ये सुरू केला आणि दोनच वर्षांत तिथून काढता पाय घेतला. क्लॅरियंटने रोमानियातला आपला कारखाना 2023 मध्ये बंद केला. पेंढा माती-खडे घेऊन येतो, पावसात भिजतो, गोळा करायचा खर्च वाढतो, आणि विकरं महाग पडतात. या अपयशांचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांना सक्तीने करायला लावावा, इतकी ती मोलाची आहेत.

पिकाशिवाय इथेनॉल काढण्याची आणखी एक वाट आहे. न्यूझीलंडमध्ये 2005 मध्ये सुरू झालेल्या लांझाटेक कंपनीने पोलाद कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड खाऊन इथेनॉल देणारा जिवाणू कामाला लावला. त्या जातीचा जिवाणू मुळात सशाच्या लेंडीत सापडलेला! 2018 पासून चीनमध्ये व्यापारी उत्पादन सुरू झालं. पण अशा उद्योगाला लागणारं भांडवल मोठं, ते तरुण उद्योजकाच्या आवाक्यातलं नाही.

आवाक्यातलं क्षेत्र गोठ्याचं आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात 19 कोटींवर गायी-बैल आणि जवळपास 11 कोटी म्हशी होत्या. रवंथ करताना त्यांच्या पोटातल्या आर्कियांमुळे मिथेन सुटतो आणि चाऱ्यातली ऊर्जाही त्यासोबत वाया जाते. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने वनस्पतींतल्या टॅनिनचा वापर करून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य केलं. त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो, असं संस्थेचं म्हणणं आहे. शेतकरी हवामानासाठी खिसा रिकामा करणार नाही. दूध वाढलं तर तो दोन रुपये जास्त मोजेल. म्हणून हा माल विकताना दूधसंघाच्या संकलन केंद्रावर फॅट आणि लिटरच्या आकड्यांत बोलावं लागेल.

बदलत्या हवामानात तगणाऱ्या बियाण्यांबाबत थोडक्यात सांगतो. मे 2025 मध्ये जीनोम संपादनाने केलेले भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना 2022 पासून कडक नियमांतून सूट आहे. आपल्या कोरडवाहू ज्वारी-तुरीवर हे काम व्हायला हवं.

पैशांची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेचं इग्निशन अनुदान कल्पना तपासायला 50 लाखांपर्यंत मिळतं, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2007 पासून व्हेंचर सेंटर उभं आहे, आणि ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या बायोई-3 या जैवतंत्रज्ञान धोरणात कार्बन पकडून वापरणं आणि हवामानाला तोंड देणारी शेती यांना जागा आहे. अडतं ते पुढे. प्रयोगशाळेतल्या पाच लिटरच्या भांड्यातून पाच हजार लिटरच्या टाकीत जायला जागा, वीज, कच्चा माल आणि चुकायची मुभा लागते, आणि ती कुठलीही बँक देत नाही.

ही मुभा साखर कारखाना देऊ शकतो. राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने दरवर्षी गाळप करतात, आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट त्यांच्या हाताशी आहे. बायोटेक शिकून शेवटी कागदपत्रांच्या नोकरीत जाणारी मुलं-मुली त्याच तालुक्यांतली आहेत. म्हणून संचालक मंडळांना माझी विनंती आहे : येत्या गाळपाआधी आवारातली अर्धा एकर जागा आणि रोजचा पाच टन प्रेसमड एखाद्या नव्या चमूला पाच वर्षांच्या लेखी कराराने द्या, भाव आधी ठरवा आणि पहिल्या हंगामात टाकी बिघडली तर करार मोडू नका.