वारशात आलेलं चित्र विकताना

मूळ की छापील? घराघरांत ‘रविवर्म्याचं चित्र’ म्हणून टांगलेली बहुतेक चित्रं ओलिओग्राफ, म्हणजे छापील. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. भिंग धरून चेहरा पाहा: छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके दिसतात. खालच्या कडेला बहुधा छापखान्याचं नाव असतं. कित्येकदा ते फ्रेमखाली दडलेलं असतं.

कायदा
• शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू.
• रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी राय, नंदलाल बोस आदी नऊ चित्रकारांच्या कलाकृती ‘कलानिधी’. देशात विकता येतात, विकण्यासाठी परदेशी नेता येत नाहीत.

लिलावाची भाषा
• राखीव किंमत: बोली तिथवर पोचली नाही, तर विक्री नाही.
• खरेदीदाराचा अधिभार: अंतिम बोलीवर लिलावगृह घेतं. विक्रेत्याला यातलं काही मिळत नाही; उलट त्याच्या रकमेतून कमिशन कापलं जातं. दर लेखी घ्यावा.

कर
• वारशावर नाही. मृत्युकर १९८५मध्ये रद्द झाला.
• विक्रीतल्या नफ्यावर आहे. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४पासून १२.५ टक्के, अधिक उपकर. मुदत मोजताना आधीच्या मालकाकडची, उदाहरणार्थ आजोबांकडची, वर्षंही धरतात.
• १ एप्रिल २००१पूर्वी घेतलेल्या चित्राचं त्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं.

हे करू नका ओल्या फडक्यानं पुसू नका. मागची प्रदर्शनाची चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, जुनी पावती फेकू नका. चित्राचा मालकी-इतिहास त्यांवरूनच सिद्ध होतो.