चार हातांवरून

अण्णा गेले त्या दिवशी संध्याकाळी वर्तमानपत्रात बातमी द्यायची म्हणून त्यांचा एक फोटो हवा होता. आमच्या घरात फोटोंचा दुष्काळ आहे, असे कोणीही म्हणणार नाही. गेली चाळीस वर्षे गळ्यात कॅमेरा अडकवून मी हे शहर पालथे घातले आहे. सुरसागरावरचे सूर्यास्त माझ्यापाशी आहेत, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या कमानी आहेत, विश्वामित्रीच्या काठी ऊन खात पडलेल्या मगरी तर इतक्या आहेत की, त्यांची वंशावळ तयार करता यावी. परंतु जन्मदात्या वडिलांचा, एकट्यांचा, समोरून घेतलेला एक धड फोटो काही सापडेना. शेवटी नातवाच्या मुंजीत घेतलेल्या घरच्या मंडळींच्या फोटोत अगदी डाव्या टोकाला अण्णा बसलेले दिसले. तेवढा भाग कापून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापून आला. समाचाराला आलेले शेजारचे काका थोडा वेळ घुटमळले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "बातमी वाचली. पण फोटो दुसऱ्या कुणाचा लागला का रे?"

चूक छापखान्याची नव्हती. डोके आडवे पसरलेले, एक गाल दुसऱ्याच्या दीडपट, कपाळ भोपळ्यासारखे फुगलेले, असा तो चेहरा मीच घेतलेला होता. आणि तोही मोठ्या हौसेने त्याच महिन्यात विकत घेतलेल्या २४ मिलिमीटरच्या भिंगाने! माजघर लहान, माणसे पंचवीस, सगळी एका चौकटीत बसली पाहिजेत, एवढाच विचार मी केला होता. ती बसली खरी.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. आई झोपाळ्यावर बसली होती. ती म्हणाली, "ह्यांचं तर झालं. माझा तरी धड काढून ठेव. वेळेवर शोधाशोध नको. आणि तो माणसं आडवी करणारा कॅमेरा आणू नकोस."

एवढ्या साध्या मागणीने मला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच विचार करायला लावले की, घरच्या माणसाचा फोटो काढायचा तर भिंग कोणते घ्यावे? दुकानदाराला विचारावे, तर तो सर्वांत महाग भिंग पुढे करतो. हौशी मित्रांना विचारावे, तर प्रत्येक जण आपल्याजवळ आहे तेच उत्तम म्हणतो. म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन बसलो, आणि हिशेब करता करता जी गोष्ट ध्यानात आली, ती आधी कळली असती तर अण्णांचा चेहरा सांभाळता आला असता.

गोष्ट अशी की, चेहरा बिघडवते ते भिंग नव्हे. बिघडवते ते अंतर. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण पाच इंच मागे असतो असे धरा. कॅमेरा तोंडापासून एका फुटावर आणला, तर नाक बारा इंचांवर आणि कान सतरा इंचांवर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक जवळजवळ दीडपट मोठे उमटणार. तोच कॅमेरा सहा फुटांवर नेला की, नाक बहात्तर इंचांवर आणि कान सत्त्याहत्तरांवर. फरक शेकडा सात. डोळ्याला तो जाणवतही नाही. आपण माणसे एकमेकांना पाहतो, बोलतो, ओळखतो ती याच चार हातांच्या टप्प्यात. बापलेक असले तरी कोणी कोणाच्या नाकाशी नाक लावून बोलत नाही. आपण ज्याला 'ओळखीचा चेहरा' म्हणतो, तो या अंतरावरून दिसलेला चेहरा असतो. आरशातदेखील तसेच. आरशापुढे दीड हातावर उभे राहिले, तर प्रतिबिंब तितकेच आरशाच्या आत असते, म्हणजे आपण स्वतःला तीन हातांवरून पाहत असतो. हात लांब करून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढणाऱ्या मुलींना आपले नाक नापसंत पडते, त्याचे मर्म इथे आहे. नाकाला बिचाऱ्याला उगाच बोल.

मग भिंगाचे काम काय? चार हातांवर उभे राहिल्यावर चौकटीत किती मावावे, एवढेच ते ठरवते. भिंगाचे नाभीय अंतर जितके मोठे, तितका थोडा भाग मोठा होऊन येतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या किंवा तेवढ्याच मापाच्या आजच्या कॅमेऱ्यात चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. त्यावर ८५ मिलिमीटरचे भिंग लावून सहा फुटांवरून उभा फोटो घेतला, तर अडीच फूट उंचीचा भाग येतो, म्हणजे डोक्यापासून पोटापर्यंत माणूस. तेच २४ मिलिमीटरचे असेल, तर एवढीच आकृती मिळवायला पावणेदोन फुटांच्या आत घुसावे लागते, आणि घुसलो की नाक वाढले. ८५ ते १०५ मिलिमीटरच्या भिंगांना माणसांची भिंगे म्हणण्याचा प्रघात पडला तो एवढ्यासाठी. ती आपल्याला मर्यादेने मागे उभे करतात. सासुरवाडीच्या माणसांसारखी!

अण्णांवर मात्र दुहेरी अन्याय झाला होता. अंतर तर तसे बेताचे होतेच, शिवाय ते बसले होते टोकाला. रुंद आवाक्याचे भिंग दारे-खिडक्यांच्या रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत चौकटीच्या कडेला बसलेल्यांकडून वसूल करते. २४ मिलिमीटरच्या भिंगात अगदी कडेला आलेले वाटोळे डोके सुमारे सव्वापट रुंद होऊन उमटते. मध्यभागी बसलेला बटू चंद्रासारखा गोल आणि टोकाला बसलेले आजोबा तबकडीसारखे लांबट. घरातल्या थोरांना आपण आदराने कडेच्या खुर्च्या देतो, त्याचे हे फळ.

आता आमच्या घरातल्या जुन्या फोटोंची गंमत पाहा. ट्रंकेत एक काळा कॅमेरा आहे, आग्फा क्लिक थ्री. बडोद्यातल्या (सरकारी कागदांत वडोदरा झाले तरी आम्ही बडोदेच म्हणणार) पुष्कळ जुन्या घरांत तो निघेल, आणि निघावाच. कारण तो इथेच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चौकोनी फोटो, साडेबाहत्तर मिलिमीटरचे साधे भिंग, ८.८ चे छिद्र. अंतर जुळवण्याची सोयच नाही. दहा फुटांच्या आत माणूस आला की धुरकट. त्यामुळे अण्णांना फोटो काढताना कायम मागे सरकावे लागे. "अजून मागे, अजून मागे," असे ते स्वतःशीच पुटपुटत, आणि एकदा कमाटीबागेत असेच सरकता सरकता गुलाबाच्या ताटव्यात बसले होते. पण त्या बारा-बारा चौकोनांत आत्या आत्यासारखी दिसते, आजी आजीसारखी दिसते. माणसे लहान आहेत, पण त्यांची आहेत. मी हजारो रुपये घालून जे घालवले, ते त्या गरीब कॅमेऱ्याने आपल्या असमर्थतेतून राखले होते.

त्याआधीच्या स्टुडिओवाल्यांचे तसेच. साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या काचेवर फोटो घ्यायचा, तर दहा-बारा इंचांचे भिंग लागे. गृहस्थ काळ्या कापडाखाली शिरत तो बराच लांब. माणसांसाठी म्हणून गणित करून घडवलेले पहिले भिंग व्हिएन्नात १८४० साली जोसेफ पेट्झवाल यांनी सिद्ध केले. आदल्या वर्षीच जाहीर झालेल्या या कलेत तोवर माणसाला उन्हात कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. पेट्झवालच्या भिंगात प्रकाश इतका जास्त येई की, ते काम मिनिटाच्या आत उरकू लागले. त्याच्या कडा मात्र धूसर. चेहरा मधोमध बसवावा आणि बाकीचे सोडून द्यावे, हे शहाणपण त्या भिंगाच्या उणिवेतच होते.

इथे होमाई व्यारावाला यांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी आपल्या बडोद्यात काढली. २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत इथेच त्या गेल्या. त्यांच्या आवडत्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलिफ्लेक्स. त्याचे भिंग बदलता येत नाही; कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून आत पाहायचे. जवळचे हवे तर चार पावले पुढे, सगळे हवे तर चार पावले मागे. पंडित नेहरूंचे त्यांनी घेतलेले फोटो पाहताना, आपण त्याच खोलीत शिष्टाचाराच्या अंतरावर उभे आहोत असे वाटते.

असो. मूळ प्रश्न आईच्या फोटोचा होता. ८५ मिलिमीटरचे, १.८ छिद्राचे एक भिंग मी जुन्या बाजारातून घेतले. ज्यांच्याजवळ लहान चौकटीचा डिजिटल कॅमेरा आहे त्यांना याचीही गरज नाही. ५० मिलिमीटरचे साधे स्वस्त भिंग त्यावर पंचाहत्तरचे काम करते. आणि कॅमेऱ्याबरोबर मिळालेले १८ ते ५५ चे असेल, तर चेहऱ्यासाठी ते निमूटपणे ५५ वर नेऊन ठेवावे. मोबाइलवाल्यांनी ध्यानात घ्यावे की, बहुतेक फोनांचे मुख्य भिंग २४ ते २६ मिलिमीटरच्या आवाक्याचे, म्हणजे अण्णांच्या अपराध्याचे भावंड असते. पडद्यावर दोन किंवा तीनचा आकडा असेल तो दाबावा आणि चार हात मागे व्हावे. सगळे कुटुंब घ्यायचे, तर शक्यतो अंगणात किंवा गच्चीवर जावे. खोलीतच भागवायचे झाले, तर ३५ मिलिमीटरच्या भिंगात दहा फुटांवरून दहा फूट रुंदी येते. दोन रांगा कराव्यात, कडेला एकेका माणसाची जागा मोकळी सोडावी आणि म्हाताऱ्यांना मध्ये घ्यावे. कडेला जावयांना उभे करावे. त्यांचे फोटो त्यांच्या घरी असतातच.

आईने खुर्चीवर बसायचे साफ नाकारले. झोपाळाच हवा. आणि झोपाळ्यावर बसलेली आई स्वस्थ बसली आहे असे कधी घडलेले नाही. पायाच्या अंगठ्याने हलका झोका चालूच. मी हौसेने छिद्र १.८ वर उघडले होते, मागची भिंत धूसर व्हावी म्हणून. त्या छिद्राला सहा फुटांवर जेमतेम दोन इंच खोली स्पष्ट येते, आणि झोका होता वीतभर! पहिल्या वीस फोटोंत कधी कुंकू स्पष्ट, कधी मागची साखळी, कधी नुसता अंबाडा. (कुंकू ती लावत होती. अण्णांनंतरही लावावे, असे आम्ही सगळ्यांनी हट्टाने सांगितले होते.) शेवटी छिद्र ५.६ वर आणले, तेव्हा सहा इंचांची सोय झाली. भिंत दिसू लागली. तिच्यावरची दिनदर्शिका आणि खुंटीवरची अण्णांची छत्रीही दिसू लागली. म्हटले, दिसू दे.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होतो. बरोबर चार हात. या उंबऱ्यावर उभे राहूनच मी तिला रोज सांगतो, "जाऊन येतो." तिला बहुधा तेच वाटले असावे, कारण ती कॅमेरा विसरली आणि येताना खंडेराव मार्केटातून मेथी आणायला सांगू लागली, जून नको, कोवळी बघून. "आणतो" असे म्हणता म्हणता मी बटण दाबले.

फोटो तिने चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिला. "ही मी," एवढेच म्हणाली. आठ बाय दहाची एक प्रत कपाटात, अण्णांच्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवली. सुनेला जागा दाखवून ठेवली. दर दिवाळीला कपाट आवरताना ती तो बाहेर काढते, पुसते आणि परत ठेवते.

गेल्या दिवाळीत मात्र बराच वेळ हातात धरून बसली. मग मला हाक मारून म्हणाली, "ह्यात माझे दात आहेत. आता कुठे आहेत? लोक म्हणतील, जुनाच लावला. पुन्हा काढ."

भिंग पुसून ठेवले आहे. ती म्हणते, थंडी सरू दे.